नारायणरावांचा दुसरा पडदा

पुण्याहून कोल्हापूरला निघालं की सातारा मागे पडल्यावर महामार्गावर नागठाणे लागतं. बालगंधर्वांचं गाव ते नव्हे. त्या फाट्यावर उतरून ‘गंधर्वांचा वाडा कुठे?’ असं विचारणारे वाटसरू मला भेटलेले आहेत. त्यांना पुढची वाट सांगताना दर वेळी मी दोन वाक्यं जास्तच बोललो आहे. त्यांचं नागठाणे बरंच खाली, कृष्णेच्या काठी, औदुंबर-अंकलखोपच्या परिसरात, आजच्या सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात आहे. पण चुकणाऱ्याचा फार दोष नाही. सांगली-मिरजेची संस्थानं वगळली तर हा टापू पूर्वी सातारा जिल्ह्यातच मोजला जाई. १९४९ साली दक्षिण सातारा म्हणून तो वेगळा निघाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळालं. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, यांची उमेदीची सगळी वर्षं गेली तेव्हा त्यांचं गाव साताऱ्याचंच होतं. या दोन जिल्ह्यांतली माणसं त्यांना आपला म्हणतात, आणि दोघांचंही खरं आहे.

हे पुस्तक त्यांचं चरित्र नाही. चरित्रं पुष्कळ झाली, चांगली झाली, आणि त्यांच्या वैभवाविषयी मी नव्याने काही सांगावं असं उरलेलं नाही. माझा विषय त्यांच्या आयुष्यातली तीनच वर्षं आहेत, १९३५ ते १९३७. एरवी चरित्रकार ही वर्षं एखाद्या परिच्छेदात उरकतात. काही जण तर ती संकोचाने, घरातल्या एखाद्या अप्रिय प्रसंगासारखी खालच्या आवाजात सांगतात. सत्तेचाळीस वर्षांचा, कर्जाने वाकलेला, नाटक मंडळी बंद पडलेला एक नट रंगभूमीच्या पडद्याआडून निघून चित्रपटाच्या पडद्यावर परत यायचा प्रयत्न करतो. तो प्रयत्न फसतो. मला वाटतं, त्या फसण्यात जे दिसतं ते त्यांच्या यशात दिसत नाही.

माझे आजोबा, आम्ही सगळे त्यांना आण्णा म्हणायचो, भिलवडीचे. त्यांच्याकडे चावीचा ग्रामोफोन होता आणि तबकड्या मोजून नऊ, त्यांतल्या पाच नारायणरावांच्या. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, ‘आण्णा, तुम्ही ह्यांना बघितलंय?’ ते म्हणाले, ‘दोनदा बघितलंय. एकदा नाटकात, एकदा शिनिमात. शिनिमातलं बघितलं नसतं तर बरं झालं असतं.’ एवढं बोलून त्यांनी चावी फिरवायला घेतली. त्या वाक्याचं कोडं सोडवता सोडवता हे पुस्तक झालं.

वाचकाला आधी काही तपशील दिले पाहिजेत, कारण आज तिशीत असलेल्या माणसाला ‘स्त्रीपार्टी’ हा शब्दही समजावून सांगावा लागतो. बायकांनी रंगमंचावर उभं राहणं ज्या काळात मान्य नव्हतं, त्या काळात बायकांची कामं पुरुष करत, आणि ती करणाऱ्या नटाला स्त्रीपार्टी म्हणत. १९०१ साली भाऊराव कोल्हटकर गेले आणि किर्लोस्कर मंडळीची नायिकेची जागा रिकामी झाली. गोड गळ्याचा, कोवळ्या चेहऱ्याचा मुलगा शोधायचं काम सुरू झालं. नारायणाच्या कानाला विकार होता. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्याला मिरजेच्या मिशन इस्पितळात डॉ. व्हानलेस यांच्याकडे उपचाराला पाठवलं, अशी हकिकत आहे. पुढे १९०५ साली त्याच मिरजेत तो शकुंतला म्हणून पहिल्यांदा उभा राहिला. तालीम द्यायला गोविंद बल्लाळ देवल होते, सांगलीजवळच्या हरिपूरचे. ज्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ उभं केलं, तिच्या वेशीपासून दोन कोसांच्या आत ही सगळी गोष्ट घडली. आमच्या भागातल्या माणसाला नाटकाचा अभिमान का असतो, असं कुणी विचारलं तर मी एवढाच नकाशा काढून दाखवतो.

पुढचं वैभव मी थोडक्यात सांगतो. १९११ साली ‘मानापमान’ आलं. प्रयोगाच्या दिवशीच त्यांची लहान मुलगी गेली, आणि तरी ते भामिनी म्हणून उभे राहिले. १९१३ साली गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्याबरोबर त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. १९१६ साली ‘स्वयंवर’ आणि १९१९ साली ‘एकच प्याला’ आलं. सिंधू रंगमंचावर आली तेव्हा ती लिहिणारे गडकरी महिन्याभरापूर्वीच गेलेले होते. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसल्यांबरोबर ‘संयुक्त मानापमान’ झालं. तबल्याला अहमदजान थिरकवा, सारंगीला कादरबक्ष, शिकवायला भास्करबुवा बखले. खऱ्या पैठण्या, खरे गालिचे, अत्तराचे फवारे. बायका त्यांच्यासारखं लुगडं नेसायच्या, त्यांच्यासारखा अंबाडा घालायच्या. पुरुषाने बाईचं सोंग आणायचं आणि बायकांनी त्या सोंगाकडून बाईपण शिकायचं, असा उलटा व्यवहार जगाच्या रंगभूमीवर फार थोड्या ठिकाणी झाला असेल.

हे सगळं एका करारावर उभं होतं. तो करार कागदावर नव्हता. समोर बसलेल्याला माहीत असायचं की हा पुरुष आहे, लग्न झालेला, मुलंबाळं असलेला, हळूहळू अंगाने भरत चाललेला. तरीही दर्शनी पडदा वर गेला की तो आपण होऊन ते विसरायचा. नट अर्धी सिंधू घेऊन यायचा, उरलेली अर्धी प्रेक्षक देत असे. नारायणराव प्रेक्षकांना ‘अन्नदाते मायबाप’ म्हणत. त्यात नम्रता होतीच, आणि मला त्यात हिशोबाची प्रामाणिक कबुलीही दिसते. मधलं अंतर, दिव्यांचा उजेड, ऑर्गनचा सूर, ‘वन्समोर’चा गजर आणि पहाटेपर्यंत चालणारी रात्र, हे सगळं मिळून त्यांची नायिका घडत होती. चाळीस वर्षांचा पुरुष ‘स्वयंवर’मधली सोळा वर्षांची रुक्मिणी होऊ शकत होता, कारण हजार माणसं त्या रात्रीपुरती तसं ठरवून आलेली असत.

मग १९३१ साल आलं. मार्च महिन्यात मुंबईत ‘आलम आरा’ लागला आणि पडदा बोलू लागला. पुढल्या वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला. त्यात हरिश्चंद्र कोण, तर गोविंदराव टेंबे, म्हणजे गंधर्व मंडळीचेच जुने भागीदार. आणि तारामती कोण, तर दुर्गा खोटे. चांगल्या घरातली, शिकलेली, खरीखुरी बाई. हा बदल फार शांतपणे झाला. १९३३ साली नाट्यमन्वंतरने ‘आंधळ्यांची शाळा’ केलं, त्यातही स्त्रियांची कामं स्त्रियांनीच केली. कुणी कुणाला हाकललं नाही. पण इतकी वर्षं मनाने भरून काढलेली अर्धी नायिका आता डोळ्यांसमोर पूर्ण उभी राहिली. मग अर्ध्यावर भागवायची सवय प्रेक्षक कशाला ठेवील?

नाटक मंडळ्यांचं अर्थकारणही त्याच वर्षांत मोडलं. शंभरएक माणसांचं बिऱ्हाड, रेल्वेचे डबेच्या डबे सामान, गावोगाव भाड्याची थिएटरं. इकडे चित्रपटाचा डबा एकटा प्रवास करतो, त्याला जेवायला लागत नाही आणि तो एका दिवसात तीन खेळ करतो. मिरज-सांगली-साताऱ्याच्या नाट्यगृहांचे मालक काही कलेचे शत्रू नव्हते. त्यांनाही भाडं हवं होतं. एकामागून एक थिएटरांवर पांढरा पडदा चढला.

इथे मला सांगलीतच घडलेली दुसरी एक गोष्ट सांगायची आहे, कारण नारायणरावांची गोष्ट तिच्याशेजारी ठेवल्याशिवाय नीट दिसत नाही. मास्टर दीनानाथ आणि चिंतामणराव कोल्हटकरांची बलवंत संगीत मंडळी तेव्हा सांगलीत होती. तिलाही तोच फटका बसला, आणि तिने धाडसाचा मार्ग धरला. नाटक मंडळीचीच चित्रपट कंपनी केली, बलवंत पिक्चर्स. विश्राम बेडेकर या तरुणाला बरोबर घेतलं आणि १९३४ साली ‘कृष्णार्जुन युद्ध’ पडद्यावर आणलं. दीनानाथ तेव्हा जेमतेम चौतिशीतले. तेज होतं, गळा होता, वयही आडवं येत नव्हतं. तरी कंपनी बुडाली. बुडाली आणि घराला घेऊन बुडाली. सांगलीच्या त्या घरात त्या वेळी एक पाच वर्षांची मुलगी वडिलांच्या तानपुऱ्याशेजारी बसून ऐकत होती. तिचं नाव लता. तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

आता प्रभात. १९२९ साली कोल्हापुरात सुरू झालेली ही कंपनी १९३३ साली पुण्याला आली होती, आणि तिच्याइतकी शिस्त तेव्हा हिंदुस्थानातल्या फार थोड्या कलाघरांत असेल. वेळेवर येणं, वेळेवर उठणं, कागदावर नोंद, प्रत्येक दृश्याची आधी आखणी. नारायणराव १९३४च्या अखेरीस आपली मंडळी मिटून या घरात आले. बोलणी अनेक चित्रपटांची झाली होती. झाला एकच, ‘धर्मात्मा’. व्ही. शांताराम यांनी त्यांना संत एकनाथाची भूमिका दिली. संगीत मास्टर कृष्णरावांचं, म्हणजे गंधर्व मंडळीत वर्षानुवर्षं चाली बांधलेल्या घरच्याच माणसाचं. चित्रपटाचं नाव आधी ‘महात्मा’ होतं. ते सेन्सॉरला खटकलं, कारण त्या नावाने तेव्हा एकच माणूस डोळ्यांपुढे येत होता. आणि विषय तर पैठणच्या ब्राह्मणाने अस्पृश्याच्या घरी जेवण्याचा. १९३५ साली तो मांडायला छाती लागत होती, आणि त्याचं श्रेय प्रभातला द्यायलाच हवं.

नारायणरावांना पुरुषाची भूमिका देण्यात शांतारामबापूंचं काही चुकलं, असं मी म्हणणार नाही. दुसरं करण्यासारखं काय होतं? कॅमेऱ्यासमोर सत्तेचाळिशीतला पुरुष रुक्मिणी म्हणून उभा राहू शकत नाही. संत ही तडजोड सुज्ञ होती. संताला वय चालतं, स्थूलपणा चालतो, गाणं तर हवंच. भक्ती हा नारायणरावांच्या स्वभावाचा मूळ पोत होता. कुणालाही ‘देवा’ म्हणून हाक मारणारा हा माणूस एकनाथ व्हायला आयता होता. कागदावर सगळं जुळत होतं.

तरी पडद्यावर काहीतरी हुकलं, आणि ते काय हा या पुस्तकाचा गाभा आहे. पुढची प्रकरणं त्याचाच शोध घेतात, म्हणून इथे फार खोलात जात नाही. पण दोन गोष्टी सांगून ठेवतो.

एक गाण्याची. त्या काळी गाणं चित्रीकरणाच्या वेळीच ध्वनिमुद्रित होत असे. नटाने कॅमेऱ्यापुढे गायचं, वाद्यमेळ चौकटीबाहेर बसलेला, आणि पट्टी संपायच्या आत गाणं संपलं पाहिजे. नारायणरावांचं पद रंगमंचावर एकदा सुरू झालं की ते कुठे थांबेल हे त्यांनाही ठाऊक नसे. समोरून दाद आली की एखादी जागा ते पुन्हा घेत, वेगळी घेत, तिसऱ्यांदा अजून वेगळी घेत. पद म्हणजे त्यांच्या लेखी प्रेक्षकांशी चाललेलं संभाषण होतं. स्टुडिओत संभाषणाला कुणी नव्हतं. होती ती शांतता, आणि ती राखण्यासाठी सगळे श्वास रोखून उभे. ज्याने आयुष्यभर दादेच्या आधारावर पुढची तान घेतली त्याला या शांततेत गायला लावणं म्हणजे पोहणाऱ्याला कोरड्या हौदात उतरवणं. तो हात मारतो, पण हाताला पाणीच लागत नाही.

दुसरी गोष्ट आण्णांच्या वाक्याशी निगडित आहे. ‘धर्मात्मा’ पाहायला आलेल्यांपैकी बहुतेकांनी बालगंधर्वांना, म्हणजे त्यांच्या नायिकेला, एकदा तरी पाहिलेलं होतं. आता तोच गळा पुरुषाच्या वेशात त्यांच्यासमोर येत होता. त्यांना एकनाथ दिसत नव्हता. त्यांना सिंधूने शृंगार उतरवलेला दिसत होता. मंडळीच्या रंगपटात, प्रयोग संपल्यावर, परक्याने पाहू नये असं जे असतं ते त्यांना पन्नास हातांच्या पडद्यावर पाहावं लागलं. नट पडला नाही. प्रेक्षकांनी वीस-पंचवीस वर्षं जपलेला करार त्या अंधारात फाटला. आण्णांचं दुःख हे होतं.

हे मी कल्पनेने म्हणत नाही, कारण पुढल्याच वर्षी नियतीने याची जणू उलटतपासणी घेतली. त्याच प्रभातने, तेच स्टुडिओ, तीच माणसं घेऊन १९३६ साली दुसरा संतपट काढला. त्यात तुकारामाच्या भूमिकेला घेतलं विष्णुपंत पागनीस यांना. पागनीसही मूळचे स्त्रीपार्टीच. स्वदेश हितचिंतक मंडळीत त्यांनी स्त्रियांची कामं केलेली, मग ते सगळं सोडून भजनात रमलेले. हा हळवा, नाजूक माणूस तुकाराम कसा शोभेल, अशी शंका तेव्हा घेतली गेली. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल ठाम राहिले. मुंबईत तो चित्रपट वर्षाहून अधिक काळ, ५७ आठवडे चालला, आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. आमच्या भागात तो तंबूतल्या सिनेमातून खेड्यापाड्यांत पोचला. पुसेगावच्या, पालीच्या यात्रेत तंबूबाहेर चपला काढून आत जाणारी माणसं होती, असं आमच्या घरची म्हातारी माणसं सांगत. पागनीसांना लोक तुकोबाच समजू लागले.

दोघेही गाणारे, दोघेही भाविक, दोघांनीही लुगडं नेसून नाव मिळवलेलं, दोघांचंही पुनरागमन एकाच दारातून, वर्षभराच्या अंतराने. मग एकाला देवत्व आणि दुसऱ्याला उसासे का? पागनीस चांगले नट होते आणि नारायणराव कॅमेऱ्यापुढे कच्चे होते, हे उत्तर सोपं आहे आणि काही अंशी खरंही आहे. मला पटणारं उत्तर वेगळं आहे. पागनीसांची स्त्रीभूमिका लोक विसरले होते. ते कोरे होऊन आले. नारायणरावांना कोरं होण्याची मुभाच नव्हती. इतकं प्रेम मिळालेल्या माणसाला लोक दुसरं कुणी होऊ देत नाहीत. मावळत्या ताऱ्याच्या वाटेत त्याचं अपयश सहसा उभं नसतं, त्याचं जुनं यश उभं असतं. पुनरागमनाबद्दल लिहिताना ‘त्याची जादू ओसरली होती’ असं आपण सहज लिहून जातो. इथे जादू ओसरली नव्हती. ती इतकी शिल्लक होती की तिच्यापुढे एकनाथ टिकला नाही.

यानंतर त्यांनी जे केलं ते वाचताना पोटात तुटतं. १९३७ साली बाबूराव पेंटर यांच्या दिग्दर्शनाखाली ‘साध्वी मीराबाई’ आला. ‘अमृतसिद्धी’ या नारायणरावांच्याच नाटकावरचा चित्रपट, आणि त्यात ते पुन्हा स्त्रीवेशात, स्वतः मीरा. लोकांना जुना करार हवा आहे ना, मग तोच देऊ, असा हा प्रयत्न. पण कॅमेरा करार मानत नाही. तो जवळ येतो. एकोणपन्नास वर्षांच्या चेहऱ्यावरच्या रंगाखालची प्रत्येक रेघ तो पाहतो आणि जशीच्या तशी दाखवतो. रंगभूमीवर जे अंतर दया करतं ते इथे नव्हतं. हा चित्रपट फसला हे सगळे सांगतात. मला त्यात एका माणसाची अखेरची निष्ठा दिसते. आपल्या नायिकेला त्याने एकटं सोडलं नाही, तिला घेऊनच तो त्या उजेडात गेला.

त्यानंतर रंगभूमीवर परत फिरणं आलं, १९३८ साली गोहरबाई कर्नाटकी मंडळीत आल्या, आणि समाजाचे तोंडसुख घेण्याचे दिवस सुरू झाले. त्या भागावर मी या पुस्तकात फार लिहिलेलं नाही. गोहरबाईंनी म्हातारपणी, आजारपणात त्यांना सांभाळलं, एवढं मला पुरेसं वाटतं. बाकी न्यायनिवाडा करायला त्या काळात पुष्कळ लोक होते.

आता लताकडे. आणि तिच्या निमित्ताने सरहद्दीपलीकडे.

दीनानाथ १९४२ साली गेले. सांगली सुटलेली होतीच. तेरा वर्षांच्या या मुलीला मास्टर विनायकांच्या कंपनीत काम मिळालं, आणि १९४५ साली त्यांच्या ‘बडी माँ’मध्ये तिने छोटी भूमिका केली. धाकटी आशाही त्यात होती. चित्रपटाची नायिका होती नूरजहाँ, लाहोर-मुंबईची तेव्हाची सर्वांत लखलखती तारका, रूप आणि गळा दोन्ही एका देहात असलेली. दोनच वर्षांनी फाळणी झाली आणि नूरजहाँ पाकिस्तानात गेली. तिथल्या चित्रसृष्टीची तेव्हा राखरांगोळी झालेली होती. कितीतरी मालक, तंत्रज्ञ, कलावंत इकडे निघून आलेले, स्टुडिओ ओस पडलेले. चार वर्षं तिचा एकही चित्रपट तिथे आला नाही. मुंबईने तिला विसरायला सुरुवात केली होती. लाहोरला तिला द्यायला काही उरलं नव्हतं. मग १९५१ साली ‘चन वे’ हा पंजाबी चित्रपट आला, दिग्दर्शनावरही तिचंच नाव, आणि ती परतली. पाठोपाठ १९५२ साली ‘दुपट्टा’. लोकांनी तिला डोक्यावर घेतलं. पाकिस्तानी चित्रपटाचा इतिहास लिहिणारा कुणीही या पुनरागमनापाशी थांबतो.

मला मात्र तिचा त्यापुढचा निर्णय जास्त मोठा वाटतो. साठच्या दशकाच्या सुरुवातीला, पस्तिशीच्या आसपास, तिने अभिनय थांबवला. चेहरा पडद्यावरून काढून घेतला आणि फक्त गळा मागे ठेवला. पुढची तीसेक वर्षं तिथल्या नायिका येत राहिल्या, जात राहिल्या, गात राहिली ती. २००० साली ती कराचीत वारली तेव्हा तिचा चेहरा तरुणपणीचाच आठवणारी आणि आवाज रोज ऐकणारी कोट्यवधी माणसं होती. इकडे सांगलीच्या घरातली ती मुलगी तर पडद्यावर उभी राहण्याचं ओझं लवकरच बाजूला टाकून केवळ आवाज झाली होती. १९८२ साली नूरजहाँ मुंबईला आली, तेव्हा दोघी भेटल्या. दोघींनाही उमगलेली एक गोष्ट नारायणरावांना कुणी सांगायला नव्हतं. पार्श्वगायन नावाची सोय जराशी आधी रुळली असती तर? हा प्रश्न मी पुस्तकभर उराशी धरून बसलो आहे. मीराबाई पडद्यावर दुसरीच कुणी असती, आणि अंधारातून नारायणराव गात असते.

खरं तर त्यांचं पुनरागमन असंच झालं, फक्त ते कुणी जाहीर केलं नाही. ते तबकड्यांवरून झालं. भिलवडीच्या सोप्यावर, साताऱ्याच्या एखाद्या वकिलाच्या माडीवर, कराडच्या चहाच्या दुकानात, किर्लोस्करवाडीच्या कामगारांच्या घरात. शरीर थकत गेलं, पुढे चालणंही अवघड झालं, आणि त्याच काळात आवाज मात्र तिशीचाच राहिला. ज्या पोराने त्यांना कधी पाहिलंच नाही, त्याच्या कानात रुक्मिणी पुन्हा सोळा वर्षांची झाली. तबकडीला चेहरा नसतो. म्हणून जुना करार तिथे पुन्हा लागू झाला. अर्धं गाणं सुईखालून यायचं, उरलेलं अर्धं ऐकणाऱ्याने द्यायचं.

सन्मानही येत राहिले. १९५५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. सांगलीने विष्णुदास भावे गौरवपदक सुरू केलं तेव्हा पहिला मान त्यांनाच दिला. १९६४ साली पद्मभूषण मिळालं, आणि त्याच वर्षी गोहरबाई गेल्या. १९६२ साली पुण्यात त्यांच्याच नावाच्या रंगमंदिराचं भूमिपूजन त्यांच्या हस्ते झालं. १५ जुलै १९६७ रोजी ते गेले, आणि पुढल्या वर्षी त्यांच्या जन्मदिवशी, २६ जूनला, ते रंगमंदिर उघडलं.

आणि २०११ साली ते पुन्हा चित्रपटात आले. नितीन देसाईंनी निर्मिलेला, रवी जाधव दिग्दर्शित ‘बालगंधर्व’. चेहरा सुबोध भावे यांचा, गळा आनंद भाटे यांचा. भाटे यांना त्या गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चेहरा एकाचा आणि गळा दुसऱ्याचा. १९३७ साली जे हवं होतं ते चौऱ्याहत्तर वर्षांनी जमून आलं. सांगलीत तो चित्रपट मी पाहिला तेव्हा माझ्या पुढच्या रांगेत एक नव्वदीच्या आजी नातवाच्या आधाराने आल्या होत्या. गाणी सुरू झाली की त्या डोळे मिटून घेत आणि गाणं संपलं की उघडत.

या पुस्तकासाठी साधनं गोळा करताना बरीच दारं उघडली, काही उघडली नाहीत. जुने कार्यक्रमपत्रकांचे गठ्ठे वाळवीने गेलेले पाहिले. एका घरी तर २००५ आणि २०१९च्या महापुरांत मंडळीची पत्रं भिजली असं सांगून त्यांनी मला कागदाचा एक दगडासारखा झालेला गोळा हातात दिला. तो उलगडत नाही. तो मी तसाच जपून ठेवला आहे. आठवणी सांगणारी माणसं थोडी उरली होती. त्यांतली काही हे छापून व्हायच्या आत गेली. त्यांच्यापैकी कुणाला बालगंधर्व देव वाटत होते, कुणाला उधळे, कुणाला नुसतेच दुर्दैवी. ज्याने जे सांगितलं ते मी त्याच्याच बोलीत ठेवलं आहे. त्यांना शुद्धलेखनाच्या चाळणीतून काढलेलं नाही.

वाचकाला एकच विनंती आहे. पहिलं प्रकरण प्रभातच्या स्टुडिओत, ‘धर्मात्मा’च्या पहिल्या गाण्याच्या वेळी सुरू होतं. तिथे जाण्याआधी मिरजेला जाऊन या. बालगंधर्व नाट्यगृह आहे, तिथेच जुनं हंसप्रभा थिएटर होतं, जिथे सतरा वर्षांचा नारायण शकुंतला झाला. दुपारी प्रयोग नसतो तेव्हा कुणी अडवत नाही. आत अंधार असतो. मागच्या रांगेत थोडा वेळ बसा. जवळच सतारमेकरांच्या गल्लीत तानपुऱ्याच्या तारा लावत कुणी ना कुणी बसलेलं असतं. परतताना तिथेही घटकाभर थांबा.